सुलभ भाषेची बखर

१ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानातल्या हॅनोवर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयाच्या कॉलेज हॉल नावाच्या इमारतीच्या तळघरात, दोन टंकयंत्रांवरून दोन आज्ञावल्या एकाच गणकयंत्राकडे एकाच वेळी धाडण्यात आल्या, आणि दोहोंचीही उत्तरे अचूक उमटली. यंत्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे होते, त्याचा कारभार चालविणारी व्यवस्था प्रामुख्याने पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थ्यांनी लिहिली होती, आणि ज्या भाषेत त्या आज्ञावल्या रचल्या होत्या तिचे नाव बेसिक. नवशिक्यांसाठी म्हणून मुद्दाम घडविलेल्या संगणकभाषांमध्ये जिचा प्रसार साऱ्या जगभर झाला अशी ही पहिलीच भाषा. आणि तिच्या सोपेपणाची जितकी वाखाणणी झाली, तितकीच पुढे त्याच सोपेपणापायी तिची निर्भर्त्सनाही झाली. ही वाखाणणी आणि ही निर्भर्त्सना एकाच वस्तूची होती काय, हे तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

त्या काळी गणकयंत्राशी व्यवहार करणे म्हणजे एखाद्या सरकारी कचेरीत अर्ज गुदरण्यासारखेच होते. आज्ञावली पंच कार्डांवर छिद्रांच्या रूपाने उतरवायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीवरच्या माणसाच्या स्वाधीन करायचा, आणि आपली पाळी येऊन निकालाचा कागद हाती पडेपर्यंत, कधी काही तास तर कधी दिवस, वाट पाहायची. त्यात एखादा स्वल्पविराम चुकलेला निघाला, की दुरुस्ती करून पुन्हा खिडकी. डार्टमथचे गणिताचे अध्यापक टॉमस कर्ट्झ हे तर १९५० नंतरच्या दशकात पंधरवड्यातून एकदा कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बॉस्टनकडे जात, कारण मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आयबीएम ७०४ हे यंत्रच काय ते त्यांच्या आटोक्यात होते. आपल्याकडची स्थिती निराळी नव्हती. ज्या साली हॅनोवरच्या तळघरात बेसिक चालू लागली, त्याच साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे बलाढ्य यंत्र दाखल झाले, आणि देशातील संशोधक फोरट्रान या भाषेतील आपापल्या आज्ञावल्यांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दाराशी येऊ लागले. ही माणसे भौतिकशास्त्राची वा अभियांत्रिकीची जाणकार. त्यांना प्रतीक्षेचा जाच सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि सोसण्याइतके कारणही होते. इतिहासाच्या वा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तो का सोसावा?

नेमका हाच प्रश्न जॉन केमेनी यांना पडला होता. केमेनी हे मूळचे बुडापेस्टचे. १९४० साली कोवळ्या वयात कुटुंबासह अमेरिकेत आलेले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या गणनकार्यात राबलेले, आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक झालेले. लॉस अलामॉसची गणना म्हणजे हिशेबनिसांच्या कामासाठी बनविलेली यंत्रे अहोरात्र तीन पाळ्यांत चालवून एकेक समीकरण आठवड्यांनी सोडविण्याचा उद्योग होता. त्याची आठवण काढून केमेनी पुढे सांगत, की तेव्हाचे आमचे वर्षभराचे काम डार्टमथचा एखादा पोरसवदा विद्यार्थी आता एका दुपारी उरकील, आणि तेही इतर कित्येक जण तेच यंत्र वापरीत असताना. महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाकडे न वळणारे होते. उद्या हेच लोक कारखाने, वृत्तपत्रे आणि सरकारी खाती चालविणार, आणि गणकयंत्राविषयी निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावर येणार. तेव्हा त्यांपैकी प्रत्येकाने एकदा तरी स्वहस्ते आज्ञावली लिहिलेली असावी, असा केमेनी आणि कर्ट्झ यांचा आग्रह होता. एक यंत्र अनेकांत वेळ वाटून देण्याची युक्ती संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी कर्ट्झ यांना सुचविली होती. भाषेचा प्रश्न तेवढा उरला. फोरट्रानचेच एखादे सुटसुटीत रूप काढावे असे कर्ट्झ यांना आरंभी वाटत होते, पण केमेनी यांनी नव्या भाषेचा हट्ट धरला. आणि फोरट्रानमधील फेऱ्यांच्या आज्ञेत कोणता आकडा आधी आणि कोणता नंतर, स्वल्पविराम नेमका कोठे, हे भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नसे हे पाहता, तो हट्ट रास्तच म्हटला पाहिजे.

आता या भाषेने नवशिक्यापासून काय काय दडविले ते पाहू. हे दडविणे कपटाचे नव्हते, ती जाणत्या शिक्षकांची तजवीज होती, हे आधीच नमूद करून ठेवतो.

पहिली तजवीज संख्यांची. यंत्राच्या पोटात पूर्णांक आणि दशांश संख्या यांचे दप्तर निरनिराळे असते. फोरट्रानमध्ये हा भेद लिहिणाऱ्याला सांभाळावा लागे, आणि एकाला दोनाने भागले असता अर्ध्याऐवजी शून्य हाती आले म्हणजे नवखा माणूस चक्रावून जाई. बेसिकने हा भेद वरकरणी मिटवून टाकला: संख्या ती संख्या, तिचा प्रकार विचारायचा नाही. शिवाय उत्तर पूर्ण आले तर ते दशांशचिन्हाविना छापायचे, आणि अपूर्ण आले तर मोजकेच अंक दाखवायचे, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको. परंतु भेद मिटविला म्हणून तो नाहीसा झाला नव्हता. यंत्र द्विमान पद्धतीने मोजते, आणि एक छेद तीन ही संख्या आपल्या दशमान पद्धतीत जशी कधी संपत नाही, तशी एक छेद दहा ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही. यंत्र ती कोठेतरी तोडते आणि तुटलेला कण मुकाट्याने सोडून देते. शून्यापासून निघून एकदशांशाच्या पावलांनी एकापर्यंत जाण्याची आज्ञा विद्यार्थ्याने दिली, तर दहाव्या पावलाला तो नेमका एकावर पोहोचेलच असे नाही, आणि ‘एक झाला की थांब’ असे बजावून ठेवले असेल तर ती आज्ञावली न थांबता पुढेच धावत सुटे. विद्यार्थी अंक छापून पाहतो तो कागदावर स्वच्छ ‘१’. जो आडपडदा सोयीसाठी घातला, त्यानेच चुकीचा माग लपविला.

दुसरी तजवीज नावांची. राशीला नाव द्यायचे ते एका अक्षराचे, फार तर त्यापुढे एक अंक. म्हणजे सगळी मिळून २८६ नावे. गणिताच्या वर्गात क्ष आणि य वापरणाऱ्याला हे अगदी घरचे वाटे. फक्त ‘क्ष म्हणजे क्ष अधिक एक’ हे वाक्य पाहून तो दचके, कारण बीजगणितात ते असत्य आहे; म्हणून त्यापूर्वी ‘लेट’, अर्थात ‘असू दे’, हा शब्द सक्तीने लिहायला लावून, हे समीकरण नव्हे, आज्ञा आहे, असा इशारा देण्यात आला होता. पुढच्या बहुतेक बेसिकांनी हा शब्द ऐच्छिक केला आणि इशारा गेला. तसेच, ज्या राशीला अद्याप काहीच किंमत दिलेली नाही ती शून्य समजावी असा दंडक रूढ झाला. दंडक सोयीचा खरा; पण एखादे नाव लिहिताना अक्षर चुकले, तर यंत्र तक्रार करण्याऐवजी त्या चुकलेल्या नावाची नवी राशी शून्य धरून हिशेब पुरा करी, आणि चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्याच थाटात छापून देई.

तिसरी तजवीज ओळींच्या क्रमांकांची. प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि ‘गोटू’ म्हणताच त्या क्रमांकावर उडी. दहा ओळींच्या आज्ञावलीत याहून सरळ काही असू शकत नाही. दोनशे ओळी झाल्या, की त्याच उड्यांचे असे जाळे होते, की लिहिणाऱ्यालाही महिन्याने त्यातून वाट सापडू नये. मोडी लिपीची येथे आठवण होते. लेखणी न उचलता भराभर मजकूर उतरविण्याची सोय म्हणून कारकुनाला ती प्रिय. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ नाही, शिरोरेघ आधीच ओढलेली, हात सपाट्याने चालतो. पण तेच रुमाल दोनशे वर्षांनी सोडून वाचू बसलेल्या अभ्यासकाला एकेका अक्षरासाठी घाम फुटतो. लिहिणाऱ्याचे श्रम वाचविले की ते वाचणाऱ्याच्या खाती जमा होतात. बेसिकमध्ये लिहिणारा आणि वाचणारा हे बहुधा एकच गृहस्थ असत, इतकाच काय तो फरक.

असे असूनही हॅनोवरमध्ये या अडचणी फारशा कोणाला टोचल्या नाहीत, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. गणकयंत्र म्हणजे मुक्तद्वार ग्रंथालय असले पाहिजे, कपाटे उघडी, कोणीही यावे आणि परवानगी न मागता बसावे, अशी कर्ट्झ यांची धारणा होती, आणि महाविद्यालयाने ती अमलात आणली. गणिताच्या वर्गात दोनतीन व्याख्याने, हाती एक नेटकी पुस्तिका, आणि मग थेट टंकयंत्र. चूक केली तर काही क्षणांत कळे. नाही उमगली तर शेजारच्या टंकयंत्रावर ज्याने ती व्यवस्थाच लिहिली असा विद्यार्थी बसलेला असण्याचा संभव असे. आज्ञावल्या लहान, त्यांचे प्रश्न गणिताच्या अध्यापकाने पारखून दिलेले. एकदशांशाची भानगड उपटलीच तर तिचा उलगडा करणारा माणूस त्याच इमारतीत. भाषेच्या अंगी जी सुलभता दिसत होती तिच्यातला मोठा हिस्सा भाषेचा नव्हताच. तो त्या संस्थेचा होता: तिच्या उघड्या दाराचा, भरपूर यंत्रवेळेचा आणि हाकेच्या अंतरावरच्या शिक्षकाचा. शिवाय ‘इफ’, ‘देन’, ‘प्रिंट’ हे शब्द त्या मुलांच्या घरातले होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढे भाषा एकटीच प्रवासाला निघाली.

१९७५ च्या आरंभी आल्टेअर ८८०० हे घरी जुळवायचे यंत्र अमेरिकेत विक्रीस आले, आणि बिल गेट्स, पॉल ॲलन व माँटी डेव्हिडॉफ यांनी त्यासाठी बेसिकचा एक अवतार सिद्ध केला, जो अवघ्या ४०९६ बाइटांच्या स्मरणकोशात मावत असे. हा पराक्रम निःसंशय मोठा. पण इतक्या लहान खोलीत बिऱ्हाड मांडायचे तर सामान टाकून द्यावेच लागते. १९७७ पासून कमोडोर, ॲपल, टँडी या कंपन्यांची यंत्रे आली. त्यांच्यात बेसिक कायमची कोरलेली असे, यंत्र सुरू करताच तीच समोर उभी राही, आणि लक्षावधी घरांतील मुलांना तिच्यावाचून दुसरी ओळखच नव्हती. या अवतारांत राशीला लांब नाव देण्याची मुभा दिसे, परंतु अनेकांत त्यातील पहिली दोनच अक्षरे यंत्र जमेस धरी. सबब दोन निरनिराळी नावे आतून एकच निघत, आणि एकीची किंमत बदलताच दुसरीचीही बदले. ‘स्कोअर’ असे निरुपद्रवी नाव द्यावे, तर त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘ऑर’ हा भाषेचा राखीव शब्द सापडून यंत्र हटून बसे. ‘टोटल’ लिहावे तर आरंभीच ‘टू’. जागा वाचवायची म्हणून मुले शब्दांमधले अंतर आणि स्वतःसाठी लिहिलेली टिपणे पुसून टाकीत. हॅनोवरच्या मूळ भाषेत यांतले पुष्कळसे नव्हते. इकडे घरी शिक्षकही नव्हता, होती ती मासिकांतून छापून येणारी आज्ञावल्यांची लांबलचक पाने, जी मुले अक्षर अक्षर पाहून टंकित करीत.

एड्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच ‘गोटू’ची उडी अपायकारक ठरवली होती, पण १९७५ च्या जूनमधील एका टिपणात त्यांनी बेसिकवर जो घाव घातला तो याहून कठोर होता. ज्यांनी आधी बेसिक गिरविली त्या विद्यार्थ्यांना चांगली आज्ञावली लिहिणे शिकविणे जवळजवळ अशक्य, त्यांची बुद्धी कायमची अधू झालेली असते, असा त्याचा मथितार्थ. डाइकस्ट्रा यांच्या विद्वत्तेविषयी अनादर नाही. पण हा निकाल वस्तुस्थितीला धरून नाही. बेसिकवर हात बसलेल्या मुलांतून पुढे नामवंत संगणकतज्ज्ञ निपजले, हे उघड आहे. सवयी जडतात आणि त्या सोडविणे कष्टाचे असते, इतके त्या टीकेतील सत्य. उरलेला भाग संतापाचा. आणि तो संताप ज्या तारखेस लिहिला गेला, तेव्हा घराघरांतील बेसिकचा जमाना उगवायचाच होता.

भारतातील शाळांत ही भाषा आली तेव्हा शासनाच्या मसलतीने आली. १९८४ साली केंद्र सरकारने शालेय संगणक साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना सुरू केली आणि सुमारे अडीचशे शाळांतून ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो ही यंत्रे बसविली. बीबीसी बेसिक हा त्या भाषेचा बराच सुधारलेला अवतार. त्यात कामाचे तुकडे पाडून त्यांना नावे देता येत, उड्यांवाचून भागत असे. तेव्हा भाषेला नावे ठेवण्याचे कारण नव्हते. पण शाळेत यंत्रे मोजकी, मुले शेकड्यांनी, आणि शिक्षक आपला गणित-विज्ञानाचा भार सांभाळून हे नवे शास्त्र शिकलेले. पुढे शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून खासगी कॉम्प्युटर क्लास निघाले. बाहेर चपला काढायच्या, कारण यंत्राला धूळ वर्ज्य. आत वातानुकूलित खोली, एका यंत्रापुढे दोघे-तिघे, आणि तासाची घंटा. आज्ञावली आधी वहीत लिहायची, फ्लोचार्ट काढायचा, कागदावरच ‘ड्राय रन’ करायची, आणि जर्नल पुरे करून सहीसाठी ठेवायचे. हॅनोवरमध्ये जी चूक क्षणात कळे ती येथे पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला कळे. खिडकीवर कार्डांचा गठ्ठा देणाऱ्या फोरट्रानवाल्याचेच नशीब बेसिकच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर आणखी एक उंबरठा होता: ज्याच्या लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही, आणि ज्याच्या घरात ‘इफ’ कोणी म्हणत नाही, त्याला या सुलभ भाषेचे सुलभ शब्दही पाठ करावे लागत. वहीत घोटून घेतल्यामुळे कित्येकांना शिस्त लागली, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. तर्काचा धागा कागदावर धरून ठेवण्याची ती सवय आजच्या मुलांत अभावाने आढळते.

१९८५ साली केमेनी आणि कर्ट्झ यांनी पुस्तक लिहून आपल्या भाषेच्या या प्रचलित अवतारांचा जाहीर निषेध केला. या अवतारांना त्यांनी दिलेले नाव ‘स्ट्रीट बेसिक’, रस्त्यावरची बेसिक. स्वतः त्यांनी ओळींचे क्रमांक ऐच्छिक केलेली ‘ट्रू बेसिक’ बाजारात आणली, परंतु तोवर रस्ता फार पुढे गेला होता.

नवशिक्यांच्या भाषेचे सिंहासन आज पायथनकडे आहे, आणि तिचा पूर्वेतिहास पाहिला की जुन्याच प्रकरणाची फाईल पुन्हा उघडल्यासारखे होते. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणितसंस्थेत लँबर्ट मेर्टेन्स आणि लिओ ग्युर्ट्स यांनी नवशिक्यांसाठी एबीसी नावाची भाषा रचली होती, आणि ग्विडो व्हान रॉसम हे तिच्या उभारणीत राबलेले. एबीसीने एकदशांशाचा तिढा खरोखरच सोडविला होता: अपूर्णांक ती अंश आणि छेद यांच्या रूपात जसाच्या तसा जतन करी. पण हिशेब लांबला की ते अंशछेद अवाढव्य होत आणि यंत्राची गती बसून जाई, आणि शिकाऊ माणसाला त्याचे कारण कळत नसे. १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथनला हात घातला तेव्हा व्हान रॉसम यांनी तो मार्ग सोडून यंत्राची तुटकी द्विमान संख्याच स्वीकारली. त्यामुळे आजही पायथनला शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज विचारली, तर ती शून्य पूर्णांक तीनहून कणभर अधिक सांगते. भागाकाराची कथा याहून बोधक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनने पूर्णांकांचा भागाकार सी भाषेच्या वळणाने ठेवला; एक भागिले दोन, उत्तर शून्य. केमेनींनी १९६४ साली जी ठेच रस्त्यातून उचलून बाजूला टाकली होती, ती सत्तावीस वर्षांनी पुन्हा रस्त्यात. ॲलिस नामक त्रिमितीय चित्रांच्या प्रकल्पात रँडी पॉश यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे पायथन ठेवली, तेव्हा हा भागाकार आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद या दोन जागीच ते वारंवार अडखळले, आणि प्रकल्पाने आपल्यापुरती भाषाच बदलून घेतली. व्हान रॉसम यांनी आक्षेप मान्य केला. २००१ साली दुरुस्तीची दरखास्त मंजूर झाली, पण जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून तिचा पूर्ण अंमल २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून झाला. अक्षरांचा भेद मात्र कायम राहिला. शिवाय यादीला दुसरे नाव दिले म्हणजे दुसरी यादी होत नाही, एकाच यादीला दोन नावे पडतात, आणि एकीकडे केलेली खाडाखोड दुसरीकडेही उमटते, हा धक्का पायथनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा बसतोच. अनोळखी नाव आढळताच ती शून्य न धरता स्पष्ट तक्रार करते, एवढी प्रगती मात्र निर्विवाद आहे.

आपल्या शाळांच्या अभ्यासक्रमांत आता बेसिक आणि सी++ यांच्या जागी पायथन येत आहे, आणि निवड चुकलेली नाही. अभ्यासमंडळांच्या सभासदांना इतकीच विनंती, की भाषेचे नाव मुक्रर करण्याआधी दर मुलामागे आठवड्याला यंत्रासमोर किती तास पडतील, आणि ‘बेरीज कणभर अधिक का आली’ असे त्याने विचारले तर त्याचे उत्तर देणारा शिक्षक त्या खोलीत असेल काय, हे दोन रकाने त्यांनी भरून घ्यावेत. भाषेचा रकाना शेवटी भरला तरी चालेल.